कुत्र्याचा घास

सिदूनं जेसीबीचं इंजिन बंद केलं आणि खाली उतरण्याआधी पायांतल्या चपला काढल्या. त्यावरूनच नीला समजली, की खड्ड्यात काहीतरी दिसलं आहे.

खणायचं असं ठरलंच नव्हतं. उद्या सतरा सप्टेंबर. मुक्तिसंग्राम दिनी नव्या गावातल्या नव्या स्मारकात हुतात्मा महांतप्पा बिराजदारांच्या समाधीची पाच मुठी माती ठेवायची, आणि ती माती त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, नागम्मा आत्यानं, आपल्या हातानं काढायची, एवढाच बेत होता. भूकंपानंतर गाव उठून सास्तूरच्या रस्त्याला गेलं, त्याला तीस वर्षं होऊन गेली. जुन्या गावठाणात आता बाभळी माजल्या होत्या, पडक्या जोत्यांवर घाणेरी फुलली होती, आणि मधोमध महांतप्पांची समाधी होती. तिचा चौथरा भूकंपात एका अंगाला कलला होता. बसवराज काकांना उद्याच्या फोटोत तो तसा नको होता. धाराशिवहून पाहुणे यायचे होते. "नुसता सरळ करून घेऊ," ते म्हणाले होते, आणि माणसं मिळत नाहीत म्हणून जेसीबी मागवला होता.

पहिल्याच हिसक्याला चौथऱ्याबरोबर खालच्या शहाबादी फरशाही उचकटून आल्या.

"कुणी पुढं येऊ नका," बसवराज काका म्हणाले आणि स्वतः पुढे गेले. वाकून पाहिलं. मग वळून पुतणीला म्हणाले, "नीला, तू ये. तुझा इषय हाय ह्यो."

नीला सोलापूरला वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवायची. हाडं तिच्या रोजच्या हाताखालची होती. पण त्या हाडांना नावं नसत. ती खड्ड्याच्या कडेला गुडघ्यांवर बसली आणि पहिल्यांदा तिला वाटलं, आपण चष्मा पुसावा. तिनं पुसला. खाली तेच दिसत होतं.

लिंगायतांत माणसाला बसवून मूठमाती देतात. मांडी घातलेली, डाव्या तळव्यावर इष्टलिंग. तसा एक जण तिथं होता. बसलेल्या माणसाची हाडं वर्षांनी खाली ढासळतात, कवटी मांडीत येते. पण पायांची घडी मोडत नाही. ती घडी मोडली नव्हती, आणि तिच्या कुशीत विभूतीचे पांढरे खडे आणि काळा पडलेला लिंगाचा गोळा होता. हे थोरले आजोबा. इथवर सगळं घरात सांगत आले तसंच होतं.

त्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर, दुसरा माणूस झोपलेला होता.

"दोन कसे?" शिवपुत्रनं, तिच्या वडिलांनी, मागून विचारलं. "नीला, दोन कसे गं?"

उत्तर देण्याआधी पाहायचं, ही तिची सवय. झोपलेल्याचं डोकं उत्तरेला होतं. तो उजव्या कुशीवर होता, तोंड पश्चिमेला.

बसवराज काकांनी सिदूला पुलाजवळच्या टपरीवर चहाला पाठवलं. नागम्मा आत्या बाभळीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर स्टीलचा डबा. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. डब्यात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, होती, आणि वरच्या खणात मलिदा. दर वर्षी मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी आत्याची आई, सिताबाई, समाधीपुढे हुग्गीचा नैवेद्य ठेवायची आणि मागच्या बाजूला मुठीएवढा मलिदा. त्याला घरात 'कुत्र्याचा घास' म्हणत. सिताबाई गेल्यावर ते आत्यानं चालवलं. घास ठेवला की घरातलं कुणीतरी "यू यू" करून कुत्रं बोलवायचं. आजही एक पिवळं कुत्रं लांबवर जोत्यावर बसून डब्याकडे बघत होतं. त्याला तारीख कळत असावी.

"जुन्या गावाचं मसनवटं हितंच जवळ हुतं," बसवराज काका हलक्या आवाजात म्हणाले. "एकावर एक पडतेत मानसं. कुणाचं तरी आधीचं आसंल."

"नाही काका." नीला खड्ड्यात उतरली. "ही भिंत बघा. मुरमात खणलेली आहे. पहारीचे घाव अजून दिसतात. खड्डा एकच आहे, एकदाच खणलेला. बसवायला इकडं कोनाडा केलाय, झोपवायला तिकडं लांबी वाढवलीय. आणि वरच्या फरशा दोघांवर मिळून होत्या."

"लईच कळतंय तुला."

"तुम्हीच म्हणालात, माझा विषय आहे."

शिवपुत्र हसला, आणि हसू लगेच गिळलं. तो थोरल्या भावापुढे असाच हसायचा.

नीलानं झोपलेल्याच्या पायांवरची माती बोटांनी बाजूला केली. ब्रश नव्हता; तिनं ओढणीचं टोक वापरलं. डाव्या मांडीचं हाड नीट लांबसडक होतं. उजवं मधोमध कधीतरी मोडलेलं, आणि बसवणारं कुणी नसावं, कारण तुकडे एकमेकांवर चढून तसेच जुळले होते. जुळल्या जागी मुठीएवढी गाठ. पाय चार बोटं तरी आखूड झाला असणार. असा माणूस चालताना दर पावलाला उजवीकडे खचतो.

तिचे हात थांबले.

बिराजदारांच्या घरात चुगली करणाऱ्या पोराला 'दस्तगीर' म्हणत. शिक्षा ठरलेली असे: उजवा पाय ओढत, लंगडत, अंगणाला फेरी मारायची आणि बाकीच्या पोरांनी मागून टाळ्या वाजवायच्या. लंगडा दस्तगीर, लंगडा दस्तगीर. नीलानं लहानपणी अशा बऱ्याच फेऱ्या मारल्या होत्या. तिला खोटं सांगता यायचं नाही, आणि न विचारता खरं सांगायची खोड होती. ते लंगडणं तिच्या पायांना अजून पाठ होतं.

गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. निजामाच्या चावडीवर तिरंगा लावून महांतप्पा फरार झाला. शेजारच्या मळ्यातला दस्तगीर त्याचा जिवाभावाचा दोस्त. त्याच्याच मळ्यात महांतप्पा लपला होता, आणि त्यानंच रझाकारांना जागा दाखवली. महांतप्पाला गोळी घातली. दस्तगीर बक्षीस घेऊन रातोरात हैदराबादेत पळाला. मागोमाग त्याची बायकोही पोराला घेऊन गेली. मळा ओस पडला, विहीर बुजायला लागली, तेव्हा महांतप्पाच्या धाकट्या भावानं, वीरप्पानं, तो कसायला घेतला. वीरप्पा म्हणजे नीलाचे आजोबा. वाटणीत मळा शिवपुत्रकडे आला. त्याच विहिरीच्या पाण्यावर ऊस झाला आणि उसावर नीला शिकली.

"काका," ती म्हणाली, "दस्तगीर कुठल्या पायानं लंगडायचा?"

"उजव्या," शिवपुत्र म्हणाला. तो कडेला बसून खाली पाहत होता. काय बोललो ते त्याला बोलल्यावर कळलं.

बसवराज काकांनी डोक्यावरची टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. "पाय मोडलेली मानसं लई आस्त्यात. बैलगाडीखाली रोज कुणीतरी सापडायचं तवा."

"असतात. पण मुसलमान पद्धतीनं झोपवलेला, उजवा पाय मोडून आखूड झालेला, आणि थोरल्या आजोबांबरोबर एकाच दिवशी पुरलेला. असे किती असतील?"

"मेला कशानं?"

नीलाला तेही पाहावं लागलं. महांतप्पांच्या कवटीला मागून छिद्र होतं. दुसऱ्याच्या कपाळात. त्याच्या डाव्या हाताची मनगटावरची दोन्ही हाडं फुटून चुरा झाली होती, एकाच उंचीवर. तिनं स्वतःचा डावा हात नकळत कपाळासमोर धरला, तळवा बाहेर. मग खाली घेतला.

"ह्यांना मागून गोळी लागलीय. याला समोरून, हातातून. यानं हात आडवा धरला होता. एवढंच हाडं सांगतात. यापुढचं मी सांगणार नाही."

"मग मी सांगतो," बसवराज काका म्हणाले. "काम झालं की खबऱ्यालाबी उडवत हुते ते लोक. साक्षीदार कशाला ठेवतील? दिलं बक्षीस, घातली गोळी. ह्यात काय नवल हाय?"

शिवपुत्रनं मान हलवली. त्याला ते पटावंसं वाटत होतं, हे नीलाला दिसलं. "व्हय, तसंबी झालं आसंल, नीला."

"मग बाबा, त्याला इथं कुणी आणलं? खबऱ्याला खड्ड्यात टाकतात. याला त्याच्या रीतीनं झोपवलंय. डोक्याखाली उशाला मुरमाचा उंचवटा ठेवलाय, हा बघा. थोरल्या आजोबांच्या शेजारी हातभर जागा सोडून—"

"आजोबा तुझे सांगायचे," शिवपुत्र सावकाश म्हणाला, "मी माझ्या भावाची समाधी माझ्या हातानं—"

आणि तो थांबला.

वाक्य त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वीरप्पा आजोबा ते दर वर्षी झेंड्यानंतर म्हणायचे, छातीवर हात ठेवून. मी माझ्या भावाची समाधी माझ्या हातानं खणली, कुणाला पहारीला हात लावू दिला नाही. शाळेच्या मास्तरांनी ते फळ्यावर लिहिलं होतं. स्मारकाच्या संगमरवरावर ते कोरलं होतं, आणि उद्या त्याच्यावरचा पडदा ओढायचा होता.

नीलाला आजोबांचे हात आठवले. उसाची कांडी सोलून तिच्या तोंडात देणारे. ते हात तिला कधी दुसऱ्या कशासाठी आठवावे लागतील, असं वाटलं नव्हतं.

"त्याला म्हाईत हुतं," शिवपुत्र म्हणाला. बापाला त्यानं जन्मात कधी एकेरी म्हटलं नव्हतं.

"शिवा, त्वांड सांभाळ."

"खड्डा दोघांचा खणला, आन् घरी येऊन सांगितलं, पळाला म्हणून. त्याच्या बायकोला बी हेच सांगितलं आसंल. ती त्याला हुडकायला हैदराबादेत गेली, दादा. ती पळाली न्हवती. ती हुडकायला गेली."

"आन् मळा?" बसवराज काकांनी विचारलं. आवाज मुद्दाम मऊ केला होता. "ते बी बोल की. मळा तुझ्या नावावर हाय. मला वाटणीत कोरडवाहू आलं, मी कधी तक्रार केली का? उद्या चार लोकांत हे बोललास, तर परवा कुणीतरी हैदराबादेहून नातू म्हणून उभा ऱ्हाईल. तयारी हाय तुझी?"

शिवपुत्रनं खाली पाहिलं, मग नीलाकडे, मग कुठंच नाही. "तसं न्हाय म्हणत मी," तो पुटपुटला.

नीलाला वडिलांचा राग आला नाही, हेच तिला जड गेलं. विहिरीवरची मोटर बदलताना त्यांचं बोट गेलं होतं. ते बोट त्या मळ्याचं होतं, की मळा त्या बोटाचा?

"ऐक," बसवराज काका तिच्याजवळ उकिडवे बसले. "मी काय पाप करा म्हणत न्हाय. थोरल्या अप्पाच्या अंगाखालची पाच मुठी माती घिऊ. फरशा परत टाकू. दोघं जसे हायत तसे निवांत ऱ्हातील. पंचाहत्तर वर्सं झोपलेत, अजून झोपतील. आक्काचं वय ऐंशी. तिला आयुष्यभर ज्यानं उभं ठेवलं, त्ये तू एका दुपारी काढून घेणार का? तुझं शास्त्र काय म्हणतं त्याला?"

तिचं शास्त्र काही म्हणत नव्हतं. आत्या खरंच त्या गोष्टीवर उभी होती. दर वर्षी शाळेत तिचं भाषण असे. माझ्या बापाला दस्तगीरनं धरून दिलं, हे एक वाक्य. आणि दुसरं, ज्याला पोरं हमखास गप्प होत: बाप मला एवढाच आठवतो, की म्या त्याच्या खांद्यावर बसलीय, भवती जोंधळा हाय, आन् झोक्यात बसल्यागत खाली-वर, खाली-वर होतंय.

"म्या बहिरी न्हाय," नागम्मा आत्या म्हणाली.

ती खुर्चीवरून उठून कधी चालत आली, कुणाला कळलं नव्हतं. एका हातात काठी, दुसऱ्यात डबा. बसवराज काका गडबडीनं उठले आणि खड्ड्याच्या आड उभे राहिले, जसं लहान मुलापासून काही लपवावं.

"आक्का, तुमी सावलीत बसा. चौथरा जरा—"

"सर बाजूला."

ते सरले. आत्यानं खाली पाहिलं. वाकून पाहिलं नाही, ताठ उभी राहून पाहिलं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला लांबचं चांगलं दिसायचं.

"ह्यो अप्पा," तिनं काठीनं न दाखवता हनुवटीनं दाखवलं. "आन् त्यो दस्तगीर. ऐकलं म्या समदं."

"अजून नक्की न्हाय, आक्का," बसवराज काका म्हणाले. "नीला म्हणतीया आपली."

"नीला ल्हानपणापास्नं खरं बोलून मार खातीया. ती कशाला म्हणंल उगं?" तिनं डबा छातीशी धरला. मग डब्याशी बोलल्यासारखं बोलू लागली. "अव्वा पहाटं उठून चपात्या करायची. गरम गरम कुस्करायची. गूळ, वेलदोडा. तूप आमच्या तोंडाला न्हाय लागायचं वर्सभर, पर ह्यात वतायची. म्या एकदा म्हनलं, अव्वा, मला दे की थोडा. तर म्हनली, न्हाय, कुत्र्याचा हाय. हितं आलं की ठेवायची आन् त्वांड फिरवायची. वीरप्पाकाका कुत्र्याला हाळी मारायचा. हसत मारायचा. म्या बी हसायची."

तिनं दोघा भावांकडे पाहिलं. "कुत्र्याला कुणी दर्ग्यात चढवतेत तसला तुपातला मलिदा करतंय का रं?"

तिनं डब्याच्या वरच्या खणावरून हात फिरवला.

"तिला बोलायला जागा न्हवती. दिराच्या घरात खायचं, वर पोरगी पदरात. म्हनून कुत्र्याचं नाव लावलं. कुत्र्याच्या नावावर तरी पोचंल म्हनली आसंल. आन् आमी काय केलं? आमी कुत्रं बोलावलं. दर वर्साला बोलावलं."

शिवपुत्रनं तोंडावर हात घेतला. कुत्रं बोलवायचं काम गेली कित्येक वर्षं त्याच्याकडे होतं.

आत्या पुन्हा खड्ड्याकडे वळली. आता डबा काठावर ठेवून ती खरंच वाकली, काठीवर सगळा भार टाकून, आणि नीलानं खालून तिचा काठीचा हात धरला.

"नीला, माझ्या बापाचे पाय कसे हायत?"

"म्हणजे?"

"ह्याचा मोडलाय म्हनलीस. माझ्या बापाचे?"

नीलानं मांडीची घडी पुन्हा पाहिली. पाहायची गरज नव्हती, पण तिनं पाहिली, एक, आणि दुसरा. तिला प्रश्न कुठं चालला आहे ते अजून कळलं नव्हतं. हाडाविषयी कुणी विचारलं की ती उत्तर द्यायची, तसं तिनं दिलं.

"सरळ आहेत, आत्या. दोन्ही. कुठं काही मोडलेलं नाही. चांगला ताठ चालणारा माणूस होता."

आत्यानं मान हलवली. मग तिचा मोकळा हात सावकाश वर गेला आणि हवेत थांबला, लहान पोर कुणाच्या तरी डोक्याला धरतं तसा.

"मग झोका कुनाचा हुता?" ती म्हणाली.

तेव्हा नीलाला कळलं. दर पावलाला उजवीकडे खचणारा खांदा. जोंधळ्यातून खाली-वर, खाली-वर. आत्याला बाप म्हणून आयुष्यभर जे एवढंच आठवत आलं, ते तिच्या बापाचं नव्हतं. आपण आत्ता ते तिच्याकडून काढून घेतलं, की तिला दिलं, हे नीलाला कळेना. तिला फक्त आपले मातीनं भरलेले हात दिसत होते.

"मला खाली घे," आत्या म्हणाली.

"आक्का, पडाल," बसवराज काका म्हणाले.

"तर हितंच ठेवा."

शिवपुत्र खड्ड्यात उतरला. त्यानं आणि नीलानं मिळून तिला खाली घेतलं. ती पोत्याइतकीही जड नव्हती. तिनं काठावरचा डबा मागून घेतला आणि वरचा खण उघडला. मलिदा दाबून लाडवासारखा झाला होता. झोपलेल्याच्या चेहऱ्यासमोर, पश्चिमेच्या बाजूला, तिनं तो ठेवला आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

"त्यांच्यात काय म्हनतेत गं ठेवताना?"

नीलाला माहीत नव्हतं. शिवपुत्रलाही नव्हतं. बसवराज काकांनी वर उभ्या उभ्या मान दुसरीकडे केली. पंधरा पिढ्या एका वेशीत काढून त्या तिघांतल्या कुणालाही ते माहीत नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या," आत्या म्हणाली. "नावच घेती." पण नावही तिला लगेच घेता येईना. ते तिच्या तोंडून आजवर एकाच अर्थानं गेलं होतं. "दस्तगीरकाका," ती शेवटी म्हणाली, पाच वर्षांच्या पोरीनं म्हणावं तसं, आणि मग रडली.

तुपाच्या वासानं पिवळं कुत्रं काठापर्यंत आलं होतं. शेपूट हलवत, दर वर्षीच्या हक्कानं. शिवपुत्र उठला. क्षणभर नीलाला वाटलं, सवयीनं तो हाळी घालणार. त्यानं मुरमाचं ढेकूळ उचललं, फेकलं नाही, नुसतं हातात धरून कुत्र्याच्या आणि घासाच्या मधे उभा राहिला. वर थोरल्या भावाकडे त्यानं पाहिलं नाही.

"बसवराज," आत्या डोळे पुसत म्हणाली. "फडकं धर."

बसवराज काकांनी खिशातून नवं कोरं पांढरं फडकं काढलं. ते उद्यासाठी सोलापूरहून आणलं होतं, त्यावर कडेनं तिरंगी रेघ होती. ते काठावर बसले आणि दोन्ही हातांत पसरून धरलं. आत्यानं दोघांच्या मधल्या हातभर जागेतून मूठ भरली.

"आक्का, तिथली नको. अप्पाच्या अंगाखालची घ्या."

"तू निवडून दे, कुठली कुनाची."

पहिली मूठ फडक्यात पडली. काळ्या मातीत मुरूम मिसळलेला होता, आणि कुठं कुठं विभूतीचा पांढरा कण. दुसरी पडली. तिसरी. नीला आत्याच्या पाठीला हात लावून उभी होती. फडकं धरणारे हात खाली झुकत होते, पण त्यांनी ते सोडलं नाही. चौथी. पाचवी.

"पाच झाल्या, आक्का," बसवराज काका म्हणाले.

नागम्मा आत्यानं सहावी मूठ भरली.